मनगटावरची मेंदी

माघ उतरणीला लागला की त्या वाळवंटाच्या काठाला फुलं येतात.

वर्षभर जी भूमी शुष्कपीत, तृषार्त, धूलिधूसर पडून असते, तीच एका पहाटे अंगभर लाल होते. नाजूक देठांची, काळ्या बुबुळांची लाल रानफुलं. उतारावर लाल, ओहोळात लाल, गव्हाच्या कोवळ्या बांधावर लाल. वारा आला की सगळा उतार एकदम वाकतो, वारा गेला की सगळा उतार एकदम सावरतो. दूरच्या शहरांतून माणसं ती फुलं बघायला येतात, फोटो काढतात, आणि उन्हं कलायच्या आत घाईघाईने परत जातात.

कारण त्या फुलांच्या मागे एक भिंत आहे. करडी, उत्तुंग, क्षितिज कापत गेलेली. भिंतीपलीकडून कधी सकाळी, कधी दुपारी, कधी कुठल्याच वेळेचा मान न ठेवता रॉकेटं येतात. पलीकडेही घरं आहेत, पलीकडेही आया लेकरांना अंगणातून हाका मारतात, आणि त्यांच्या डोक्यावरचं आकाशही काही शांत नाही. फुलं मात्र भिंतीच्या दोन्ही अंगांना सारखीच फुलतात.

भिंतीच्या अलीकडे, इस्राएलच्या त्या दक्षिण टोकाला, एक लहानसं गाव आहे. चौकोनी पांढरी घरं, सपाट गच्च्या, वाळत घातलेले कपडे. आणि त्या गावातल्या एका गल्लीत भर दुपारी खोबऱ्याच्या वाटपाचा वास येतो.

हा वास अष्टागराचा. रेवदंड्याच्या, नागावच्या, पेणच्या बेने इस्राएली ज्यू माणसांचा. शनिवार पाळणारी, तेल गाळणारी ही माणसं पिढ्यानपिढ्या कोकणच्या किनाऱ्यावर राहिली आणि मग बोटीत बसून पूर्वजांच्या भूमीला आली. समुद्र सुटला, माड सुटले, घाण्याची करकर सुटली. मराठी तेवढी सुटली नाही. भांडायला आणि गायला ती अजून लागते.

या गावाच्या रीती वेगळ्या.

इथे कुणी सावकाश अंघोळ करत नाही. इथे कुणी रेडिओ मोठा लावत नाही. इथे गावाची पाटी दिसली की गाडीतली माणसं खिडक्या खाली करतात आणि कमरेचे पट्टे सोडतात. जगात सगळीकडे जो पट्टा जीव वाचवतो, तोच इथे पळताना पायांत येतो. बसथांबे जाड सिमेंटचे, बिनखिडक्यांचे. पोरांनी त्यांच्यावर मासे आणि सूर्यफुलं रंगवलेली. गल्लीगल्लीत एक निवारा, अर्धा जमिनीत पुरलेला, पोलादी दाराचा.

आणि खांबाखांबावर एक भोंगा. भोंग्यातून एका बाईचा आवाज येतो, शांत, सपाट, न घाबरलेला. लाल रंग, असं म्हणतो तो आवाज. लाल रंग. लाल रंग. दोनचार श्वास घ्यावेत, एवढाच अवकाश. तेवढ्यात दाराआड व्हायचं. मग धरणी हलते, किंवा हलत नाही. मग माणसं बाहेर येतात, आणि गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं का ते आधी बघतात.

त्या गल्लीत मिल्काबाई राहते.

मिल्काबाई मूळची रेवदंड्याची. कपाळ रुंद, कंबर वाकलेली, जीभ अजिबात न वाकलेली. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. लोणच्याच्या कारखान्यात बरण्या भरून तिने एकुलती लेक वाढवली, तामार. कृष्णनेत्रा, चपलचरणा, हसताना मान मागे टाकणारी तामार. गावातल्या बालवाडीत ती शिकवते, आणि भोंगा वाजला की दोन पोरं कडेवर, चार पोरं पदराला अशी निवाऱ्यात शिरते.

तामारचं लग्न ठरलं. नवरा मुलगा उत्तरेचा; डोंगर, झरे आणि सफरचंदांच्या मुलखातला. मुलगा सोन्यासारखा. त्याची आई हदस्सा मूळ पनवेलची. लहानपणीच आईबापांबरोबर आलेली, तरी मराठी अजून खणखणीत. आणि त्या खणखणीत मराठीत तिने फोनवरून एक अट घातली होती.

"मिल्काबाई, लेक तुमची गुणाची आहे, मला पसंत आहे. पण एकदा आमच्याकडे आली की आली. त्या गावात मी तिला परत पाऊल टाकू देणार नाही. सणाला नाही, वाराला नाही. माझा पोरगा तिच्यामागे येणार, उद्या नातवंडं येणार. मला रात्रीची झोप हवी."

मिल्काबाईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. हदस्साचं चुकत होतं असंही नाही. आईच्या काळजाला कोण नावं ठेवणार? पण लेकीला माहेर नसणार, आपण जिवंत असताना, दार उघडं असताना, चूल पेटती असताना लेकीला माहेर नसणार, हे त्या म्हातारीच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. तामार रडली, रागावली, लग्न मोडते म्हणाली. मिल्काबाईनेच तिला गप्प केलं. आणि त्या दिवसापासून लेकीच्या ताटात ती दरवेळी थोडं जास्तच वाढू लागली.

राहिली मेंदी.

त्यांच्यात मेंदीच्या दोन रीती. पहिली, नवऱ्याच्या आईने आपल्या बोटाने पहिला ठिपका नवरीच्या तळहातावर ठेवायचा. त्याआधी कुणी हात लावायचा नाही. दुसरी, एकदा ते बोट बुडालं की मेंदीची वाटी खाली टेकवायची नाही. सगळ्या बायकांचे हात रंगेपर्यंत ती कुणाच्या तरी हातात राहिली पाहिजे, कारण जमिनीला टेकलेली मेंदी भुईची होते, नवरीची राहत नाही. म्हणून हदस्साला यावंच लागणार होतं. उत्तरेकडच्या बाकीच्या बायकांनी कुणाचं डोकं, कुणाचे गुडघे पुढे केले. हदस्सा एकटी निघाली. ठिपका ठेवायचा, चहा घ्यायचा, संध्याकाळच्या आत परतायचं, असं ठरवून निघाली.

शेअर टॅक्सीत सहा माणसं होती. गावाची पाटी दिसली तशा खिडक्या खाली गेल्या, रानफुलांचा वारा आत आला, आणि एकामागून एक पट्टे सुटले. खट्. खट्. खट्. हदस्साने सगळ्यांकडे पाहिलं, आणि आपला पट्टा ओढून आणखी घट्ट केला.

गल्लीत मांडव पडला होता. मांडव म्हणजे काय, तर दोन इमारतींच्या मधे ताणलेल्या चार साड्या, एक अंजिरी, एक जांभळी, दोन मोरपंखी. त्यांतून गाळून आलेलं ऊन नवरीच्या अंगावर पडत होतं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, केसांत मोगरा नव्हता म्हणून बदामाचा फुलोरा. कापसाहून शुभ्र, दुधाहून मंद, वाळवंटात वर्षातून एकदाच येणारा बदामाचा फुलोरा. तामार त्या दुपारी इतकी देखणी दिसत होती की हदस्साला क्षणभर आपण कुठल्या गावात आहोत याचा विसर पडला.

क्षणभरच. मग तिने विचारलं, "दार कुठलं?" आणि निवाऱ्याच्या पोलादी दाराशेजारची खुर्ची धरली.

"बसा हो विहीणबाई, बसा," मिल्काबाई म्हणाली. "ती जागा जावयाची असते खरं तर. पण तुम्ही घ्या."

बायका हसल्या. हदस्साही ओठांच्या कोपऱ्यात हसली, पण पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

मेंदी सकाळपासून भिजत होती. गर्द, स्निग्ध, मृत्तिकागंधी मेंदी. मिल्काबाईने पितळी वाटी दोन्ही हातांत धरली. हीच वाटी रेवदंड्याहून तिच्या आईच्या पेटीतून आली होती. शेजारच्या सेगुलाबाईने गळा साफ केला. सेगुलाबाई अंगाने पाप्याचं पितर, पण आवाज असा की भोंग्यालाही दबकून राहावं लागे. तिने गाणं उचललं, बायकांनी झेललं.

*हिरव्या पानात गं लपला लाल रंग,*
*सासूबाईच्या बोटाने जागा केला…*

हदस्साचं बोट वाटीत बुडालं. तामारचा तळहात समोर आला, उघडा, उबदार. बोटाने पहिला ठिपका ठेवला. मग काय झालं कोण जाणे, बोट थांबेना. ठिपक्याभोवती ठिपके, ठिपक्यांची वेल, वेलीला पान. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या तळहातावर आईने काढलेली पनवेलची वेल त्या बोटाला आठवत होती. तळहात भरला. बोटं भरली. हदस्साची मान खाली वाकली होती आणि पर्स केव्हाच मांडीवरून घसरली होती.

आणि भोंगा बोलला.

लाल रंग.

गाणं मधेच तुटलं. खुर्च्या कलंडल्या. गल्ली कोसळल्यासारखी पोलादी दाराकडे धावली. पोरी, म्हाताऱ्या, ताटं, चपला, हिरव्या बांगड्यांचा किणकिणाट. ज्याला जो दिसला त्याने त्याला ओढलं. या गावाला हे पाठ आहे. पाय आपोआप जातात.

हदस्साचे पाय आपोआप गेले, पण उलटे. ती दाराला पाठ लावून बसली होती आणि दार तिच्या पाठीशी उघडं होतं. तरी ती धावली रस्त्याकडे, टॅक्सी आली त्या वाटेकडे, उत्तरेकडे, घराकडे. भ्यालेलं माणूस ओळखीच्या वाटेने पळतं. साड्यांचा मांडव संपला. डोक्यावर उघडं, निळं, निरभ्र आकाश आलं, आणि ती तिथेच खिळली.

लाल रंग.

तामार दारात पोचली होती. आत एक पाय, बाहेर एक पाय. तिने मागे पाहिलं. रस्त्याच्या मधोमध सासू उभी, तोंड आकाशाकडे, हात दोन्ही बाजूंना लोंबलेले, एखादं पोर जत्रेत चुकावं तशी. तामार वळली. हिरवी साडी वर खोचली नाही, चप्पल घातली नाही. बदामाचा फुलोरा केसांतून उधळला, आणि ओल्या मेंदीच्या हाताने तिने हदस्साचं मनगट घट्ट, घट्ट, घट्ट धरलं.

"चला आई!"

आई. त्या दिवसापर्यंत तिने हदस्साला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

दार लागलं. पोलादावर पोलाद आपटलं. मग अंधार, मग श्वास, मग कुणाच्या तरी छातीत कुणाचं तरी डोकं. मग आवाज आला. दूरचा नव्हे. धरणी खालून धक्का दिल्यागत हलली, छताची माती केसांवर पडली, आणि एक तान्हं पोर रडायला लागलं.

बाकी सगळं शांत.

कुणीतरी दिवा लावला. पिवळ्या उजेडात बायकांनी एकमेकींना डोळ्यांनी मोजलं. आहे, आहे, ही आहे, तीही आहे. हदस्सा भिंतीला टेकून खाली बसली होती. तामार तिच्या शेजारी. तामारचा हात अजूनही तिच्या मनगटावर होता आणि हदस्साने दुसऱ्या हाताने तो वरून दाबून धरला होता. दोघींपैकी कुणालाच तो सोडायचं सुचलं नव्हतं.

आणि कोपऱ्यात, वाकलेल्या कमरेने, मिल्काबाई उभी होती. पायांत चप्पल नाही. नाकावर चष्मा नाही. काठी बाहेर राहिलेली. पण दोन्ही हातांत पितळी वाटी, भरलेली, थेंबही न सांडलेली.

सेगुलाबाईने तिच्याकडे नखशिखांत पाहिलं.

"अगो मिल्का, माणसं जीव घेऊन पळतात. तू वाटी घेऊन पळालीस?"

"मग काय खाली ठेवू?" मिल्काबाई धापा टाकत म्हणाली. "विहीणबाईंचं बोट बुडालंय तिच्यात. खाली टेकवून चालेल?"

आधी एक पोरगी हसली. मग दोघी हसल्या. मग तो अर्धा पुरलेला, मातकट, कोंदट निवारा हसण्याने भरून गेला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत भरून गेला. त्या पाण्यात किती हसू होतं आणि किती भय, हे कुणी निवडत बसलं नाही. रडणारं तान्हं चकित होऊन गप्प झालं.

हदस्सा हसत नव्हती. ती वाटीकडे बघत होती, आणि वाटी धरलेल्या त्या सुरकुतल्या हातांकडे. मग ती तामारकडे वळली. पोरीचा तळहात उलटून बघितला. वेल पुसली होती, पान गेलं होतं, ठिपके एकमेकांत वाहून गेले होते.

अपशकुन, असं कुणीतरी म्हणेल म्हणून मिल्काबाईने श्वास रोखला. लेकीचं माहेर तर गेलंच होतं. आता लग्नही जातं की काय, या भीतीने ती म्हातारी रॉकेटाला भ्याली नव्हती इतकी भ्याली.

हदस्साने पदराच्या टोकाने तामारचा तळहात हलकेच स्वच्छ पुसला.

"वाटी इकडे आणा," ती म्हणाली. "आणि तुम्ही आधी बसा मावशी, पडाल." विहीणबाई म्हणायचं ती विसरली होती.

मग त्या पोलादी दाराआड, टांगलेल्या एका पिवळ्या दिव्याखाली, मेंदी पुन्हा लागली. पहिला ठिपका. ठिपक्याभोवती ठिपके. ठिपक्यांची वेल. बाहेरून सगळं निवळल्याची सूचना आली तरी कुणी उठलं नाही. आणि सेगुलाबाईने गाणं पुन्हा उचललं, अगदी जिथे तुटलं होतं तिथून, जणू मधे ती फक्त घोटभर पाणी प्यायली होती.

*…सासूबाईच्या बोटाने जागा केला रंग,*
*लेक जाते परदारी, वास राहो संग.*

वाटी हातोहात फिरली. तरुण हात, म्हातारे हात, बरण्या भरून भेगाळलेले हात, खडू धरून पांढुरके झालेले हात, सगळे एका रंगाचे झाले. शेवटचा मिल्काबाईचा. तो हदस्सानेच रंगवला. वाटी मग रिकामी झाली आणि मगच जमिनीला टेकली.

रॉकेट उतारावर पडलं होतं, फुलांत. माणूस कुणी दुखावलं नव्हतं. पण रस्ता बंद झाला, आणि संध्याकाळच्या आत परतायला निघालेली हदस्सा त्या रात्री मिल्काबाईच्या घरी राहिली. तिला झोप लागणार नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती घोरली, आणि मिल्काबाईने ते सकाळी गल्लीभर सांगितलं.

सकाळ झाली. उषा त्या वाळवंटात फार अलगद येते. आधी राखी, मग मोतिया, मग केशरी. हदस्सा मोरीत तोंड धूत होती. वाळलेल्या मेंदीचे पापुद्रे मनगटावरून गळून पडले, आणि ती पाण्याखाली हात धरून तशीच उभी राहिली.

मनगटावर पाच बोटं उमटली होती. चार या अंगाला, अंगठा त्या अंगाला. नवरीच्या तळहातावर वेल सुरेख रंगली होती, पण ही बोटं तिच्याहून गडद, जवळपास काळसर लाल. भीतीच्या घामात, मुठीच्या उबेत, किती वेळ दाबून धरलेली ती मेंदी. नवरीची मेंदी रंगली की सासूची माया कळते, असं बायका म्हणतात. सासूच्याच मनगटावर रंगली तर काय कळतं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. हदस्साने साबण लावला नाही.

टॅक्सी आली. गल्ली निरोपाला लोटली. मिल्काबाईने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा हातात दिला, आणि जे विचारायचं नाही असं रात्रभर स्वतःला बजावलं होतं, ते विचारलंच नाही. नुसती उभी राहिली. रंगलेला हात पदराआड, डोळे जमिनीवर.

हदस्सा गाडीत बसली. मग खाली उतरली.

"मावशी," ती म्हणाली, "मला भीती वाटते. अजूनही वाटते. ती जायची नाही. पण माहेर नसलेली सून मला नको. सणाला पोरीला घेऊन मी स्वतः येईन. तिला एकटीला नाही पाठवायची. मी बरोबर येणार, आणि त्या दाराशेजारची खुर्ची माझी."

लोणच्याच्या बरण्या, रिकामा पलंग, इतक्या वर्षांचे भोंगे, कशालाही न हललेली ती म्हातारी तोंडात पदर कोंबून रडली. तामारने तिला सावरलं. दोघींचे रंगलेले हात एकमेकींच्या पाठीवर गेले.

"डबा परत आणा मग," मिल्काबाई शेवटी नाक ओढत म्हणाली. "झाकण चांगलं आहे त्याचं."

गाडी निघाली. गल्ली सरली, मासे रंगवलेला बसथांबा सरला. गावाची हद्द अजून यायची होती. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं: मागच्या बाईने पट्टा लावलेला नव्हता, आणि ती काच खाली करत होती.

बाहेर उतार होता. उताराच्या मधोमध जळालेला एक काळा खड्डा, आणि खड्ड्याच्या काठापासून क्षितिजापर्यंत फुलं. ओहोळात लाल, बांधावर लाल, वाऱ्यासरशी वाकणारी, वाऱ्यासरशी सावरणारी. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तामारला गाडी लहान लहान होत जाताना दिसली. मग खिडकीतून एक हात बाहेर आला, उंच झाला, आणि वळण येईपर्यंत हलत राहिला. मनगटावर पाच बोटं. लाल, लाल, लाल.